भोगीचें ताट

‘जो न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण देशावरच्या घरांतून पौष महिन्यांत हटकून ऐकूं येते. आदल्या रात्रीं पावटे सोलतांना ती म्हटली जाते, आणि गाजर नको म्हणून हटून बसलेल्या मुलाच्या पानांत भाजी वाढतांनाही तीच म्हटली जाते. म्हणींतला दावा कांहीं लहानसहान नाहीं. संक्रांतीच्या आदल्या दिवशींचें एक जेवण चुकलें तर मनुष्य कायमचा रोगी होईल, असें ती बजावते. अलीकडे जानेवारी उजाडला कीं वृत्तपत्रांतून या म्हणीवर भाष्यें येऊं लागतात. तिळांत कॅल्शियम आहे, बाजरींत लोह आहे, गूळ उष्ण आहे. तस्मात् आमच्या पूर्वजांनीं आहारशास्त्राचा पूर्ण विचार करून हा सण बसविला, असा त्या भाष्यांचा मथितार्थ असतो. पूर्वजांविषयींच्या या आदराशीं आमचें भांडण नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें एक साधा प्रश्न विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. हें ताट भरलें कोणीं? वैद्यानें, कीं शेतकऱ्यानें?

प्रश्न वरकरणीं चेष्टेचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर बरेंच अवलंबून आहे. वैद्यानें भरलें असेल तर तें औषधयोजनेसारखें ठरतें; ठरलेल्या दिवशीं ठरलेलें द्रव्य पोटांत गेलें म्हणजे काम झालें. शेतकऱ्यानें भरलें असेल तर त्या ताटाचा गुण मागच्या-पुढच्या सगळ्या हंगामांत शोधावा लागेल, आणि तो हंगाम आपण अजून खातों कीं नाहीं, हेंही पाहावें लागेल.

प्रथम ताटच पाहूं. भोगीच्या सकाळीं अंगाला वाटलेले तीळ लावून न्हाण होतें. दुपारच्या पानांत तीळ थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, कोठें वांग्याचें भरीत, सोलापूर-कोल्हापूरकडे राळ्याचा भात, आणि सर्वांत मुख्य म्हणजे ती भाजी. हिला कोणी लेकुरवाळी म्हणतात, कोणी खेंगाट म्हणतात. पावटे, घेवडा, वांगीं, गाजरें, ओले हरभरे, मटार, भुईमुगाचे ओले दाणे, क्वचित् बोरें आणि उंसाचे करवेदेखील तींत पडतात. वरून तिळाचें कूट. दुसरे दिवशीं संक्रांतीला गुळाची पोळी आणि तिळगूळ. देवापुढें मांडलेल्या सुगडांत पुन्हां तोच ऐवज असतो: उंसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरें, गाजराचे तुकडे, तीळ. सुगड म्हणजे सुघट. कुंभाराकडचें तें लहानसें बोळकें ही पौषांतल्या शिवाराची नोंदवहीच होय.

ही नोंदवही एका काळीं किंवा एका हातानें लिहिलेली नाहीं. तींत सर्वांत जुना मान तिळाचा. तो या देशाचाच आहे. त्याची सर्वांत जवळची जंगली जात हिंदुस्थानांतच उगवते. हडप्पा येथील उत्खननांत माधोस्वरूप वत्स यांना जळून कोळसा झालेले तीळ सांपडले, आणि १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं तें नोंदविलें. म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपास तरी हा दाणा येथल्या कोठारांत आहे. यजुर्वेदांतील चमकांत यजमान जीं धान्यें मागतो त्यांत भात, जव, उडीद, मूग, गहूं, मसूर यांच्या पंक्तीला तीळ आहेत, आणि प्रियंगु, म्हणजे आपले राळे, हेही आहेत. संस्कृतांत तेलाला शब्दच ‘तैल’, म्हणजे तिळापासून झालेलें. पुढें करडईचें, मोहरीचें, खोबऱ्याचें तेल निघालें, तरी नांव तिळाचेंच राहिलें. इतकेंच काय, कंदिलांत घालावयाच्या मातीच्या तेलानेंही तें उचललें. पितृतर्पणांत तीळ होतेच. पौष वद्यांत येणाऱ्या षट्तिला एकादशीस स्नान, उटणें, होम, उदक, भोजन आणि दान अशा सहा प्रकारें तिळाचा उपयोग सांगितला आहे. खरीपाचा नवा तीळ कार्तिकांत घरीं येतो आणि पौषांत कणगी भरलेली असते; त्याला सणांत जागा मिळाली यांत नवल नाहीं.

बोराची कथाही जुनीच. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यान तेथें राहिलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतून जव, गहूं, मसूर यांच्या बरोबर बोराच्या जळक्या आठळ्या निघाल्या. बोरन्हाणाच्या वेळीं मुलाच्या डोक्यावरून ओघळणारीं बोरें वेंचण्यासाठीं जी झुंबड उडते, तिचें कुळ इतकें मागें जातें.

बाजरी मात्र परदेशची. सहाराच्या दक्षिण कडेला, आजच्या माली देशाच्या प्रदेशांत, इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास ती माणसाच्या शेतांत आली, आणि नंतर कांहीं शतकांनीं समुद्रमार्गें अथवा किनाऱ्याकिनाऱ्यानें पश्चिम हिंदुस्थानांत पोहोंचली. चमकाच्या यादींत ती नाहीं. चरक-सुश्रुतांच्या धान्यवर्गांतही ती निर्विवादपणें ओळखतां येत नाहीं. ज्या धान्याची भाकरी हा भोगीचा प्राण, तेंच धान्य प्राचीन वैद्यांच्या परिचयाचें नसावें, ही गोष्ट वर सांगितलेल्या भाष्यकारांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. गाजर वायव्येकडून, अफगाणिस्तानाच्या बाजूनें उतरलें. मिरची, बटाटा आणि भुईमूग हे तिघे तर अमेरिकेचे. १४९२ सालच्या कोलंबसाच्या सफरीपूर्वीं त्यांतला एकही या खंडांत नव्हता. भुईमुगाची लागवड आपल्याकडे वाढली ती एकोणिसाव्या शतकांत. तरीही भोगीच्या भाजीनें कोणालाच परका म्हणून हांकलून दिलें नाहीं. पौषांत शिवारांत जें उभें आहे तें भाजींत, हा तिचा एकच नियम.

हा नियम महाराष्ट्रापुरता आहे असें कोणी समजूं नये. सूर्य मकरेंत जातो तो सर्वांसाठीं एकाच क्षणीं. पण ताटें किती निराळीं! कावेरीच्या कांठीं नवा तांदूळ, मूगडाळ, दूध आणि गूळ उतूं जाईपर्यंत शिजवितात, व त्या उतूं जाण्यालाच पोंगल म्हणतात. तिळाला तेथें पहिलें पान नाहीं. कर्नाटकांत तीळ, गूळ, सुक्या खोबऱ्याचे काप, फुटाण्याची डाळ आणि शेंगदाणे एकत्र करून वांटतात, आणि गोड बोलण्याची आपलीच विनंती कानडींत करतात. सुरतेकडे पापडी, रताळीं आणि कंद यांचा उंधियुं. पंजाबांत लोहडीच्या शेकोटीभोवतीं रेवड्या, गजक आणि शेंगा; शिवाय मोहरीच्या पाल्याच्या भाजीबरोबर मक्याची रोटी, आणि मका हाही अमेरिकेचाच. बिहारांत दही-चिवडा आणि गयेचें तिलकुट. आसामांत माघ बिहूला तांदळाच्या पिठाच्या वळींत तीळगूळ भरतात. बंगालनें तर उंसाला बाजूला सारून खजुरीच्या रसाच्या नव्या गुळाला मान दिला. एखाद्या स्मृतिकारानें आरोग्यासाठीं हा आहार लावून दिला असता, तर तो इतक्या प्रांतांत इतका बदललाच नसता. ज्या मातींत जें पिकलें तें त्या ताटांत आलें.

मग वैद्यकाचा यांत कांहींच हात नाहीं काय? आहे, पण तो निराळ्या तऱ्हेनें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सहाव्या अध्यायांत ऋतुचर्या आहे. मार्गशीर्ष-पौष हा हेमंत. बाहेरच्या थंडीनें शरीरांतील उष्मा आंत कोंडला जातो, जठराग्नि प्रबळ होतो, आणि त्याला पुरेसें इंधन मिळालें नाहीं तर तो देहांतील रसालाच जाळूं लागतो, अशी तेथील विचारसरणी आहे. म्हणून या दिवसांत स्निग्ध, आंबट व खारट पदार्थ, दूधदुभतें, उंसाचे पदार्थ, तेल, नव्या तांदळाचा भात आणि ऊन पाणी यांचें सेवन सांगितलें आहे. येथपर्यंत वाचून आमचे भाष्यकार प्रसन्न होतात. त्याच ठिकाणीं पाणथळ प्रदेशांतील चरबीयुक्त प्राण्यांचें मांस आणि मद्य हींही सांगितलीं आहेत, तीं मात्र ते सोयीस्करपणें गाळतात. तो विनोद बाजूला ठेवूं. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, चरकानें आयुष्य न घटण्याचें फळ सांगितलें आहे तें या पदार्थांचा हेमंतांत ‘अभ्यास’ करणाऱ्याला. अभ्यास म्हणजे रोजचें नित्य सेवन. एका दिवसाचें पथ्य ही कल्पना चरकाच्या मनांतही नाहीं.

शिवाय वैद्य आणि सण यांचें सर्वच ठिकाणीं जमतें असें नाहीं. सुश्रुताच्या मतें गूळ जुना झाला म्हणजे अधिक गुणाचा आणि पथ्यकर. संक्रांतीला मात्र नव्या गुळाचें कौतुक. वाग्भट तिळाला बल्य, त्वच्य आणि केश्य म्हणतो, पण तो पचण्यास जड असून कफ आणि पित्त वाढवितो, हेंही सांगायला विसरत नाहीं. घरांत आधींच जें भरलेलें होतें, त्याचे गुणदोष वैद्यानें तोलले, आणि कोणी कधीं किती खावें याचा विवेक केला. त्याची थोरवी या विवेकांत आहे. ताट भरण्याचें श्रेय त्याच्या पदरीं घालण्याची गरज नाहीं.

पंचांगाची साक्षही याच बाजूची आहे. उत्तरायणाचा आरंभ मकरारंभीं होतो असें वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत नोंदविलें, आणि त्या काळीं तें खरें होतें. परंतु आपली संक्रांत नक्षत्रांवर बांधलेली, आणि ऋतु सूर्याच्या अयनांवर. अयनचलनामुळें सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस या प्रमाणांत ती पुढें सरकत आली आहे. आज खरें उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास लागतें आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. पिकें नक्षत्रांना विचारीत नाहींत. पानिपतचा घनघोर संग्राम संक्रांतीच्या दिवशीं झाला अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती या हिशेबानें चुकते. १४ जानेवारी १७६१ च्या चार-पांच दिवस आधींच संक्रांत येऊन गेली होती. त्या वर्षीं इकडे गंगथडी-भीमथडीला सुगडें पुजलीं जात असतां तिकडे मराठी छावणी दाण्यावांचून तडफडत होती, आणि शेवटीं उपासमार असह्य होऊन ती फौज रणांत उतरली. सुगीच्या महिन्यांतली ती भूक आठवली म्हणजे भोगीची म्हण निराळीच ऐकूं येते. ‘जो न खाई भोगी’ याचा अर्थ ‘जो खाण्याचें नाकारतो’ असाच कां घ्यावा? ज्याला मिळत नाहीं, तोही खात नाहींच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, या वर्षांत ती म्हण कोणाच्या ओठीं आली असेल तर ती उपदेश म्हणून खास नव्हे.

आतां आरोग्याचा हिशेब मांडूं. आणि प्रथम गुळाचा, कारण त्याच्याविषयीं अतिशयोक्ति सर्वांत फार. पौषांत बागाईत गांवांतून रात्रभर गुऱ्हाळें चालतात. चरकांतून निघालेला रस मोठ्या काहिलींत पडतो, खालीं चुलवाणांत वाळलेल्या चिपाडांचा जाळ असतो, आणि रसावरची मळी वर यावी म्हणून भेंडीचें बुळबुळीत पाणी त्यांत सोडतात. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यांत टाकून बोटांनीं गोळी करून पाहतो. तो क्षण चुकला तर अख्खी काहील वाया. साधारणपणें दहा भार उंसाला एक भार गूळ पडतो. ज्यानें ऊन काकवी द्रोणांत घेऊन चुलवाणाच्या उबेला बसून खाल्ली आहे, त्याला गुळाची निंदा करणें जड जाईल, आम्हांलाही जातें. परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. गूळ ही बव्हंशीं साखरच आहे. त्यांत लोह असतें, कांहीं रसांतलें आणि कांहीं लोखंडी भांड्यांतलें. पण तिळाच्या एका मोठ्या लाडवांत जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम गूळ, आणि तेवढ्यांतून मिळणारें लोह एका मिलिग्रॅमच्या आंतबाहेर. तेवढ्यानें रक्त वाढत नाहीं. गुळानें दिलें तें इंधन. पुण्याकडे जानेवारींतलें सरासरी किमान उष्णतामान अकरा-बारा अंशांचें. काश्मीरच्या मानानें ही थंडी नव्हेच. पण मध्यरात्रीं गव्हाला पाणी देण्यासाठीं घोटाभर चिखलांत उभा असलेला, किंवा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर एका घोंगडींत रात्र काढणारा मनुष्य ती थंडी अंशांनीं मोजीत नाहीं. त्याच्या देहाला गुळाचा खडा आणि मूठभर तीळ यांचा अर्थ चटकन् समजतो.

तिळाचें निम्में वजन तेलाचें, आणि तेलाची ऊर्जा पिठाच्या दुपटीहून अधिक. शिवाय सुमारें पांचवा हिस्सा प्रथिनें. कॅल्शियम शंभर ग्रॅममध्यें एक हजार मिलिग्रॅमच्याही वर भरतें, आणि याच आंकड्याचा डंका पिटला जातो. त्या आंकड्याची गोम तिळाच्या टरफलांत आहे. कॅल्शियम बहुतेक त्या टरफलांतच असतें, तेंही ऑक्झॅलेटशीं जखडलेलें, म्हणजे आंतड्यांना सहजीं न लाभणारें. बाजारांत मिळणारे टरफल काढलेले पांढरेशुभ्र तीळ घेतले तर त्यांत त्या कॅल्शियमचा दहावा हिस्साही उरत नाहीं. लाडवांत निम्मे शेंगदाणे घातले, कारण ते स्वस्त, तर तें आणखी घटतें. भोगीच्या भाकरीवर थापले जाणारे भुरकट, सालीसकट गांवठी तीळ ही निराळी वस्तु आहे, आणि भाजल्यानें व वाटल्यानें ते पचनास अधिक सुलभ होतात. पण खऱ्या गुणाची गोष्ट पुढेंच आहे. तिळाच्या प्रथिनांत लायसिन हें आवश्यक द्रव्य कमी आणि मेथिओनिन भरपूर. हरभरा, मूग, पावटा यांचें नेमकें उलट. तीळकूट घातलेल्या शेंगभाजींत एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

बाजरींत शंभर ग्रॅमला सहा ते आठ मिलिग्रॅम लोह सांपडतें; पांढऱ्या सडलेल्या तांदळांत एक मिलिग्रॅमही नाहीं. पण बाजरींतलें लोह फायटेट नांवाच्या द्रव्यानें बांधलेलें असतें, आणि त्याला सोडविण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. बोरांत तें शंभर ग्रॅमला साठ-सत्तर मिलिग्रॅम असतें. कच्च्या हरभऱ्याच्या घाट्यांतही असतें. भाकरी खाऊन बांधावरचीं चार बोरें तोंडांत टाकणाऱ्या पोरानें हें रसायन न शिकतां साधलें होतें. वैद्य बाजरीला रूक्ष म्हणतात, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवून घरच्या बाईनें तीही तोड काढली. बाजरीचा दोषही सांगावयास हवा. सुदानांतल्या दार्फुर प्रांतांत जेथें बाजरीवांचून फारसें कांहीं खावयास मिळत नाहीं, तेथें गलगंडाचा उपद्रव आढळला, आणि त्यांत बाजरींतील कांहीं द्रव्यांचा हात असल्याचें संशोधकांनीं दाखविलें. बाजरी चांगली ती सोबतीसह, एकटी नव्हे.

हा सोबतीचा विचार आहारशास्त्रांत रुजविण्याचें काम या देशांत कुन्नूर येथें झालें. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं तेथें १९१८ सालीं काढलेली संशोधनशाळा १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि पुढें राष्ट्रीय पोषण संस्था झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मॅककॅरिसन यांनीं निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांचें रोजचें जेवण उंदरांच्या निरनिराळ्या गटांस घालून त्यांची वाढ ताडून पाहिली. गहूं, दूध, डाळी व ताजी भाजी खाणारा शीख गट पहिला, सडक्या तांदळावरचा मद्रासी गट शेवटचा, आणि मराठा गट पठाणाच्या खालोखाल तिसरा आला. आम्हांस या क्रमांकाचा अभिमान मिरवावयाचा नाहीं. उंदरांच्या शर्यतींत तिसरें येण्यांत अभिमान तो कसला! लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, मॅककॅरिसन यांनीं सणाचें पान तोललें नाहीं. त्यांनीं रोजचें पान तोललें, आणि फरक त्यांत पडला.

सणाचें पान कसें बदललें याचें उत्तम उदाहरण हलव्याचें आहे. कोटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशा उंसाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. शुभ्र साखर ही तेव्हांपासून शिडीच्या वरच्या टोंकाची, श्रीमंतांची. एकोणिसाव्या शतकांत मॉरिशसची साखर येऊं लागली आणि ‘मोरस’ हें तिचें नांव आपल्या भाषेंत राहिलें. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत या परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशांत साखरेचे कारखाने भराभर निघाले, आणि १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी कारखाना उभा राहिला. साखर शेतकऱ्याच्या अंगणांत आली. तिच्याबरोबर काटेरी हलवाही सर्वांच्या आटोक्यांत आला. शेगडीच्या मंद धगीवर परातींत तीळ किंवा खसखस घेऊन, वर चमचा-चमचा पाक सोडीत, पहाटेच्या गारठ्यांत बोटांनीं हलवीत राहावें, तेव्हां कोठें दाण्याला कांटा फुटतो. आमच्या लहानपणीं या कांट्यावरून घराघरांत चढाओढ लागे, आणि हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुनेकडे आम्ही मुलें दागिना केव्हां तुटतो याकडे डोळे लावून बसत असूं. कारागिरी अप्रतिम खरी. पण त्या दाण्यांत तीळ किती? मधोमध एक. बाकी सारी साखर. सहा प्रकारें पूजिलेला तीळ अखेर साखरेचें निमित्त होऊन बसला. मधुमेह घरोघर पोहोंचलेल्या आजच्या दिवसांत हलव्याला आणि नुसत्या गुळाच्या वड्यांना पौष्टिक म्हणणें हें धाडसच आहे.

उलट जें बाजूला पडलें तें पाहा. बाजरी, राळे, सालीसकट तीळ, ओले घाटे हें सारें पूर्वीं मार्गशीर्षापासून माघापर्यंत देशावरच्या शेतकऱ्याचें नित्याचें खाणें होतें. भोगी हा त्यांतला एक भरगच्च दिवस. शिधावाटपाच्या गहूं-तांदळानें आणि गिरणीच्या पांढऱ्या पिठानें रोजचें ताट बदललें. भोगी तेवढी राहिली. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतल्या दुकानांत बाजरीचीं बिस्किटें दिसूं लागलीं, तींही गोड. आणि याच काळांत २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणी रक्तक्षयी निघाल्या. भोगीची भाजी चिरणारे, भाकरी थापणारे आणि सर्वांचें झाल्यावर उरलेलें वाढून घेणारे ते हेच हात. वर्षांतल्या एका भाकरीनें त्यांचें रक्त भरून यावें, ही अपेक्षा कोणत्याही वैद्यानें केली नसती.

रोजच्या भाकरीचें मात्र निराळें आहे. महाराष्ट्रांतल्या बारा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलांवर झालेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. अधिक लोह असलेल्या निवडक वाणाच्या बाजरीची भाकरी एका गटाला, नेहमीच्या बाजरीची दुसऱ्याला, अशी सहा महिने, दिवसांतून दोन वेळां देण्यांत आली. आरंभीं ज्या मुलांत लोहाची कमतरता होती, त्यांपैकीं पहिल्या गटांतलीं अधिक मुलें सुधारलीं. सहा महिने आणि दोन वेळां, या दोन शब्दांत चरकाचा ‘अभ्यास’ पुन्हां भेटतो.

आतां संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळीं शहरांतल्या मंडईंत जावें. सुगडाचें सामान म्हणून एका पिशवींत चार घाटे, दोन ओंब्या, पांच बोरें, उंसाचा एक करवा आणि गाजराचा तुकडा बांधून विकावयास ठेवलेला असतो. गिऱ्हाईक ती पिशवी घेतें, घाट्यांना हळदकुंकू लावतें, आणि तिसरे दिवशीं तें सारें वाळून गेलेलें बाहेर टाकलें जातें. शेजारच्या दुकानांत हलव्याच्या पुड्यांवर गर्दी असते.